चेहऱ्यासकट

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. नवरीच्या खोलीत पार्लरवालीनं एक गोल डबी उघडली, स्पंज पाण्यात बुडवून पिळला आणि डबीतल्या मातकट वडीवर फिरवायला सुरुवात केली. त्याबरोबर तो वास सुटला. ओली माती, शिळी पावडर आणि कुठलंसं स्वस्त अत्तर यांचा मिळून झालेला. सुवास म्हणवत नाही आणि दुर्गंध म्हणायलाही जीभ रेटत नाही. नवरी डोळे मिटून शहाण्यासारखी बसली होती, भोवतालच्या बायका रंग किती एकसारखा बसलाय म्हणून वाखाणत होत्या, आणि मी तेवढी उठून खिडकीशी गेले. कुणीतरी विचारलं, “काय झालं गं आत्या, गरमी होऊन राहिली का?” मी हो म्हटलं. पॅनकेक मेकअपच्या त्या वासाशी माझं जुनं भांडण आहे, हे लग्नघरात कुणाला सांगत बसणार?

माझ्या थोरल्या बहिणीच्या पर्समध्ये एके काळी तसली डबी असायची. कंगवा विसरला तरी चालायचं, घराची किल्ली विसरली तरी चालायचं, पण डबी हवी. तिच्याबरोबर प्लॅस्टिकच्या साबणदाणीत एक ओला स्पंज. ताई आमच्या ग्वाल्हेरच्या केबलवर बातम्या वाचायची. दिल्लीच्या नव्हे, भोपाळच्याही नव्हे, आमच्या स्वतःच्या. कुठल्या मोहल्ल्यात नळ येणार नाही, कुठं दुरुस्तीसाठी वीज जाणार आहे, परीक्षेचं केंद्र कुठून कुठं हलवलं, मेळ्यात हरवलेलं लाल स्वेटरचं मूल कुठल्या चौकीत रडत बसलंय. दिल्लीच्या बातम्या ऐकून माणसं हळहळायची आणि जेवायला लागायची. ताईच्या बातम्या ऐकून उठायची आणि बादल्या भरायची. बातमीची खरी किंमत कशात, याबद्दल माझं मत तेव्हापासून ठाम झालेलं आहे.

आमचं घर दौलतगंजात. पणजोबांच्या वेळेपासून दरबारात कारकुनी. दरबार गेला, कारकुनी अंगात राहिली. बाबा सरकारी कचेरीत, काका सरकारी कचेरीत, आणि दोघांच्याही मते मुलीनं एक तर शिक्षिका व्हावं नाही तर लग्न करावं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून गालात हसायचे, आणि शेजारचे ऐन गप्पांत आम्हाला ‘आप मराठे लोग’ म्हणून वेगळं काढायचे. दोन्हीकडून ऐकून घ्यायची सवय असलेलं घर. अशा घरातल्या मुलीनं केबलवर तोंड दाखवायचं म्हणजे काकूच्या शब्दांत ‘अगदीच हे’ होतं. ‘हे’ म्हणजे काय ते काकूनं कधी सांगितलं नाही, पण तोंड असं काही करायची की वेगळं सांगावं लागू नये.

ताईला ते काम मिळालं ते तिच्या आवाजामुळे. जयेंद्रगंजात टीव्ही आणि कूलर विकणारं एक दुकान होतं. त्याचा मालक, सगळे त्याला भैयाजी म्हणत, छपरांवरून तारा ओढून आमच्या लष्कर भागातल्या अर्ध्या घरांना केबल देत असे. सिनेमे दाखवून झाले, भजनं दाखवून झाली, तेव्हा त्याच्या मनात आलं की शहराच्या बातम्या सांगाव्यात. एकदा ताई आमचा बिघडलेला टीव्ही घेऊन त्या दुकानात गेली आणि महिन्याभरात दुसऱ्यांदा बिघडला म्हणून तिनं त्याला जे काही सुनावलं, ते इतकं स्वच्छ, थांबत थांबत आणि एकही शब्द वर न चढवता सुनावलं, की भैयाजी म्हणाला, “दीदी, यही सब कैमरे के सामने बोलेंगी?” ताई हे सांगताना स्वतःच हसायची. तिच्या आयुष्याची सुरुवातच मुळात तक्रारीनं झाली, असं म्हणायची.

दुकानाच्या वर दोन मजले चढून गेलं की स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मागं निळा पडदा, एक टेबल, एक खुर्ची, दोन प्रखर दिवे. पंखा होता, पण तो खडखडायचा, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी अंगावर काढलाय त्यांना बंद पंखा, दोन दिवे आणि गाद्यांची खोली यांचा अर्थ समजेल. इतरांना सांगून कळणार नाही. कॅमेरा सांभाळणारे एक चाचा होते, पूर्वी लग्नांच्या कॅसेटी काढणारे. ते बनियनवर काम करायचे. ताईला मात्र कलफाची, खळीनं कडक झालेली सुती साडी नेसून, पाठ ताठ ठेवून, कपाळावरून ओघळणारा घाम जणू दुसऱ्याच कुणाच्या कपाळावरून ओघळतोय अशा चेहऱ्यानं, नगरपालिकेच्या नळांबद्दल बोलावं लागे. तिला ते जमलं. वर्षभरात ती शहराची ‘टीव्ही वाली दीदी’ झाली. टोपी बाजारात शिरली की दुकानदार गादीवरून अर्धे उठायचे आणि आपल्या गल्लीतलं गटार दाखवायला तिला घेऊन जायचे. बाबा घरी काही बोलत नसत. पण बातम्यांच्या वेळी त्यांचा चष्मा कधी शोधावा लागला नाही.

आणि मग तो डाग आला. आधी ओठाच्या कोपऱ्याशी, तांदळाच्या दाण्याएवढा. आईला वाटलं, दात घासताना पेस्ट लागली असेल. तिनं पदरानं पुसायला हात पुढं केला. मला आईचा तो हात अजून दिसतो. पुसला, पुन्हा पुसला, आणि मग तिनं हात मागे घेतला. काही दिवसांनी पापणीवर दुसरा उमटला. कोड. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे, ‘ते’ म्हणत. डॉक्टर झाले, वैद्य झाले, बावचीचं तेल लावून उन्हात बसणं झालं. त्यानं डाग गेला नाही, कातडी मात्र भाजून फोड आले. दूध आणि मासळी एकत्र खाल्ल्यानं होतं, असं एका पाहुण्यांनी आत्मविश्वासानं सांगितलं. आमच्या घरात मासळी शिजल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, पण आईनं तरीही दुधाकडे संशयानं पाहायला सुरुवात केली. ताईच्या लग्नाची इंदूरकडे चाललेली बोलणी आपोआप बंद पडली. आपोआप म्हणजे तिकडून उत्तर येईना, आणि इकडून विचारायची कुणाची हिंमत होईना.

तेव्हा ती डबी घरात आली. मला सगळ्यात लागून राहिलं ते हे, की डबी आणली ती माझ्या नावानं. काकू आईला म्हणाली, “मोठीचं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता धाकटीचं होईपर्यंत झाकून ठेवायला सांगा. नंतर काय करायचं ते करू दे.” धाकटी म्हणजे मी. एका बहिणीच्या चेहऱ्यावर दुसरीच्या लग्नाचं ओझं ठेवायची ही रीत कुठल्या शास्त्रात लिहिली आहे ते मला ठाऊक नाही, पण ती आमच्यासारख्या घरांत बिनबोभाट पाळली जाते. कोड आनुवंशिक असतं की नसतं, याची चौकशी करायची कुणाला गरज वाटत नाही. बहिणीला आहे एवढं पुरतं. मी त्याच दिवशी भांडले. ताई म्हणाली, “फालतूची आग नको लावू. मला कॅमेऱ्यासाठी मेकअप तसाही करावाच लागतो ना?” पण ती आता भाजी आणायला जातानाही स्पंज फिरवायची, देवळात जातानाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला जातानासुद्धा. सकाळी उठल्यावर घरातल्या कुणी तिला पाहण्याआधी ती चेहरा करून मोकळी व्हायची, आणि मोरीतून, उशीच्या अभ्र्यांतून, टॉवेलांतून तो वास येत राहायचा. झाकण्याला पण केवढे कष्ट पडतात! उघडं राहायला त्याच्या निम्मेही पडत नाहीत, हे आपल्याला किती उशिरा समजतं.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात भैयाजीनं एक धाडस केलं. मराठी मंडळाच्या मांडवापासून स्टुडिओपर्यंत छपरांवरून तार ओढली आणि संध्याकाळची आरती थेट दाखवायची ठरवली. सूत्रसंचालन ताईचं. लष्करातल्या मराठी घरांना कोण आनंद झाला होता! बाबांनी त्याच संध्याकाळी झाशीच्या एका घरच्या मंडळींना दर्शनाला बोलावलं. माझ्यासाठी. मुलगा बँकेत, घर चांगलं, पत्रिका जुळलेली. मुलाची आई आणि मावशी आल्या होत्या. कांदेपोहे झाले, माझं शिक्षण सांगून झालं, आणि काकूनं कौतुकानं टीव्ही लावला. “आमची मोठी. सगळं शहर ओळखतं.” जिनं वर्षभर तोंड वाकडं केलं, तीच काकू हे म्हणाली. सोयरीक जुळवताना माणसाला काय काय आठवतं!

भाद्रपदातला उकाडा तुम्हाला ठाऊक असेल. हवा हलत नाही, अंग निथळत राहतं. मांडवात दिवे, धूप, गर्दी. ताई मंडळाची माहिती सांगत होती, आणि तिच्या वरच्या ओठावरून घामाची एक धार खाली आली. धारेबरोबर रंग आला. त्या जागी पांढरी रेघ उघडी पडली, मग पापणीखाली दुसरी. तिला ते कळलं नव्हतं; ती रुमालानं सवयीनं घाम टिपत गेली आणि टिपेल तिथं आणखी उघडं पडत गेलं. मुलाची आई पुढं वाकली. “यांच्या तोंडाला काय झालंय?” काकू गडबडीनं म्हणाली, “काही नाही हो, केबल आहे ना, पिक्चर खराब येतं,” आणि तिनं उठून टीव्ही बंद केला.

झाशीचं घर चांगलं होतं, हे खरं. पण त्या बंद काचेकडे बघताना मला असा काही संताप आला की विचारू नका. ती तिकडे हजार माणसांसमोर उभी होती, आणि इथं आम्ही तिला तिच्याच घरात विझवून टाकलं होतं. मी उठले आणि टीव्ही पुन्हा लावला. म्हटलं, “पिक्चर बरोबर आहे काकू. ते कोड आहे.”

मुलाची आई बाबांकडे वळली. “हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही.”

“आता सांगितलं ना,” मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता गरजतील. त्यांनी पाहुण्यांपुढची बशी जरा सरकवली आणि म्हणाले, “चहा घ्या. गार होऊन राहिला.” आयुष्यात त्यांनी माझी बाजू घेतली असेल तर ती त्या एका वाक्यात, आणि मला ती पुरली.

तोवर पडद्यावर मंडळाचे अध्यक्ष भाषण करत होते. त्या वेळात मांडवामागे काय झालं ते चाचांनी आम्हाला नंतर सांगितलं. चाचांनी हातानं खूण करून ताईला शेजारच्या छोट्या पडद्यात तिचा चेहरा दाखवला. मग मांडवामागे जिथं प्रसादाची भांडी घासत होते त्या नळावर गेली, भांड्यांपाशी पडलेल्या साबणाच्या वडीनं तिनं चेहरा खसखसून धुतला, आणि पदरानं कोरडा करत परत आली. चाचांनी विचारलं, “दीदी, पाउडर?” ती म्हणाली, “नहीं. आप चलाइए.” अध्यक्षांचं भाषण संपलं, कॅमेरा वळला, आणि आमच्या दौलतगंजातल्या खोलीत, झाशीच्या पाहुण्यांसमोर, ताईचा चेहरा आला. दोन्ही रंगांचा, धुतल्यामुळे तकतकीत, आणि हसरा. तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आरतीची वेळ झाली आहे, घरच्या लोकांनीही हात जोडावेत, एवढंच सांगितलं. आईनं हात जोडले. मुलाच्या आईनंही, गणपतीच होता समोर, काय करतील बिचाऱ्या! नंतर त्या उठल्या आणि गेल्या, आणि झाशीहून पुन्हा काही कळलं नाही.

घरी आल्यावर ताईला माझ्या सोयरिकीचं समजलं. मी तिला म्हटलं की ज्या घराला तुझा चेहरा चालत नाही तिथं माझा कशाला न्यायचा? मग विचारलं, सगळाच का धुतला, नुसतं थोडं सारखं करून घेतलं असतं तर? ती म्हणाली, “अर्धं घामानं केलंच होतं. आणि अर्धं काम मला आवडत नाही, तुला माहिती आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबी मोरीच्या फळीवरून काढून कचऱ्यात टाकली. आईनं ती पुन्हा काढून ठेवली. ताईनं पुन्हा टाकली. हे दोघींमध्ये मुकाट्यानं काही दिवस चाललं. शेवटी आई हरली, आणि मला वाटतं, हरून तिला बरंच वाटलं.

पण भैयाजी हरायला तयार नव्हता. लोकांचे फोन आले होते, एका साडीवाल्यानं जाहिरात काढून घेतली होती. तो माणूस वाईट नव्हता, दुकानदार होता. म्हणाला, “दीदी, पब्लिक खाना खाते टाइम देखती है. आप समझिए. आवाज़ आपकी रखते हैं, चेहरा किसी नई लड़की का.” ताईनं विचारलं, म्हणजे मी पडद्यामागे बसून बोलायचं आणि दुसरीनं ओठ हलवायचे? भैयाजीला ती कल्पना फारच चांगली वाटत होती. ताई म्हणाली, “आवाज़ चाहिए, तो चेहरे के साथ आएगी, भैयाजी. अलग-अलग नहीं देती.” त्यानं दुसऱ्या दिवसापासून एक नवी मुलगी आणली. ताईनं काय केलं? काही नाही. रोजच्या वेळेला कलफाची साडी नेसून दोन मजले चढायची आणि कॅमेऱ्यासमोरच्या त्या एकुलत्या एक खुर्चीवर जाऊन बसायची. भांडायची नाही, रडायची नाही. पंखा लावून पेपर वाचत बसायची. नव्या मुलीला उभ्यानं बातम्या वाचाव्या लागायच्या, आणि पंखा बंद करा म्हणून ताईलाच विनवावं लागायचं. ताई लगेच बंद करायची. तिचं भांडण त्या मुलीशी नव्हतंच. तिला ती जाता जाता उच्चार सांगायची. रेकॉर्डिंग झालं की पुन्हा पंखा लावून वेळ भरेपर्यंत तिथंच. चाचा म्हणत, “हमने बहुत दूल्हे-दुल्हन देखे, ऐसी जिद किसी में नहीं देखी.”

मग एका दुपारी धो धो पाऊस सुरू झाला. तिघ्र्याच्या धरणाचे दरवाजे उघडायचे आहेत, खालच्या वस्त्यांना ताबडतोब सावध करा, असा कचेरीतून निरोप आला. नवी मुलगी पावसामुळे पोचली नव्हती. भैयाजी धावत जिना चढून वर आला तर खुर्चीवर ताई, हातात पेपर. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. मग त्यानं चाचांना म्हटलं, “चलाओ.” ताईनं कोपऱ्यातला पंखा बंद करायला सांगितलं, पाठ ताठ केली आणि बोलायला लागली. त्या दिवशी लोकांनी सामान उचललं, जनावरं सोडली, वरच्या बाजूला गेले. जेवताना तो चेहरा बघवत नाही, असं सांगणारा फोन त्या संध्याकाळी एकही आला नाही. त्यानंतर ती खुर्ची तिचीच राहिली. नवी मुलगी हवामान सांगू लागली आणि ताईची मैत्रीण झाली.

पुढं कितीतरी वर्षं ताई बोलत राहिली. डाग पसरत गेले. हनुवटीवर, गळ्यावर, हातांवर. शहरानं ते बघितले आणि हळूहळू बघायचं सोडलं, म्हणजे त्यात बघण्यासारखं काही आहे हेच विसरलं. माझं लग्न झालं. ज्यांच्याशी झालं ते पहिल्या भेटीत म्हणाले होते, तुमच्या ताईंमुळे आमच्या गल्लीत नळ आला. मला ती पत्रिका पुरेशी जुळलेली वाटली. ताईनं लग्न केलं नाही. कुणी कीव केली की ती म्हणायची, मला विचारलंच नाही कुणी नीट, नाही तर विचार केला असता. एकदा मी तिच्याबरोबर टोपी बाजारातून जात असताना एका बाईनं आपली शाळकरी मुलगी तिच्यापुढं उभी केली. मुलीच्या डोळ्यांभोवती पांढरे डाग होते आणि मान खाली. आई रडवेली झाली होती. ताईनं उपदेश केला नाही. मुलीला विचारलं, “शीशा देखती है?” मुलगी नाही म्हणाली. “देखा कर. पहले अपनी आदत पड़ती है, फिर दूसरों की.” आणि मग तिला शाळेतल्या विषयांबद्दल विचारत राहिली. माझ्या बहिणीच्या साऱ्या तत्त्वज्ञानाची एवढीच लांबी होती, पण त्यापेक्षा जास्त कापड मला आजवर कुठं लागलेलं नाही.

काळ बदलला तसा तो केबलचा खेळही संपला. घरोघर डिशच्या छत्र्या लागल्या, मग सेट-टॉपचे खोके आले, मग सगळं मोबाइलमध्ये गेलं. भैयाजीनं तारा उतरवल्या आणि दुकान मुलाकडे दिलं. ताई घरातल्या खिडकीशी फोन उभा करून बोलायला लागली. नळ, वीज, रस्ते, तेच. पाहणारे कमी झाले होते, पण होते. आजारी पडली तेव्हाही बोलली, आवाज खोल गेला तेव्हाही बोलली. गेल्या थंडीत ती गेली.

तिच्या शोकसभेसाठी आमच्या मराठी समाजाचं सभागृह घेतलं होतं. फोटोचं काम चुलतभावानं अंगावर घेतलं. त्यानं दौलतगंजातल्या फोटो स्टुडिओत ताईचा अलीकडचा फोटो दिला, आणि सभेच्या जरा आधी फ्रेम आली. मी कागद सोडला आणि बघतच राहिले. डाग नव्हते. एकही नाही. कपाळ, गाल, ओठ, गळा, सगळं एका रंगाचं, गुळगुळीत. स्टुडिओवाल्यानं भल्या मनानं संगणकावर पुसून टाकले होते. भावाला म्हणाला होता, “आख़िरी फोटो है, मैंने अपनी तरफ़ से साफ़ कर दिया.” भावाला राग यायचा तर त्याचे डोळे भरून आले. “बघ ना, किती सुंदर दिसते ताई. राहू दे गं.” मी म्हटलं, परत कर. तो म्हणाला, आता वेळ कुठे आहे, लोक येऊन राहिले. फ्रेम टेबलावर ठेवली गेली, हार घातला गेला, उदबत्ती लागली. मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि मनात दुःखापेक्षा संताप जास्त होता. जो रंग तिनं स्वतःच्या हातानं धुतला, तो मेल्यावर आम्ही तिला पुन्हा लावला होता, आणि तिला आता नळापर्यंत जाता येत नव्हतं.

एक म्हातारे गृहस्थ आले. आमच्यातले नव्हते, डोक्याला मफलर, हातात थोडी झेंडूची फुलं. चपला काढून पुढं आले, फोटोकडे पाहिलं, थबकले. मग माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, “बहन जी, ये किनकी सभा है? हमें तो टीवी वाली दीदी के यहाँ जाना था.”

भाऊ पुढं झाला. “यही हैं, बाबूजी. उन्हीं की है.”

म्हाताऱ्यांनी पुन्हा वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. मान हलवली. “नहीं भैया. दीदी को तो हमने रोज़ देखा है.” आणि फुलं तशीच हातात धरून ते दाराकडे निघाले.

मी उठले. हार काढला, फ्रेम उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. सभागृहात कुजबुज झाली, होऊ दिली. म्हाताऱ्यांना म्हटलं, “बैठिए. दीदी आ रही हैं.” चाचा मागच्या रांगेत होते, त्यांच्या मोबाइलमध्ये ताईचा एक फोटो होता, गच्चीवर थंडीच्या उन्हात बसून कशावर तरी तोंड उघडून हसतानाचा. भाऊ तो फोन घेऊन खाली छपाईच्या दुकानात धावला. आम्ही सगळे बसून राहिलो. वक्ते बसून राहिले, समाजाचे अध्यक्ष घड्याळ बघत बसून राहिले. भाऊ परत आला तेव्हा हातात साधा कागद होता, शाई ओली, कडा वळलेल्या. फ्रेम नाही म्हणून हार घालता येईना. कागद पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यावर ताई होती, पांढरी आणि सावळी, सगळे दात दाखवत. म्हातारे उठून आले, कागदासमोर फुलं ठेवली आणि हात जोडून म्हणाले, “हाँ. ये हैं.”

तो कागद आता माझ्या खोलीत भिंतीला लावलेला आहे. खिडकीतून तिरकं ऊन येतं ते नेमकं त्याच्यावर, आणि अशा साध्या छपाईची शाई उन्हात टिकत नाही. सावळा भाग दिवसागणिक फिका होत चाललाय. ताई हळूहळू सगळीच पांढरी होते आहे. भाऊ म्हणतो, काचेत बसवून घे, नाही तर पुन्हा छापून आणू. शहर तरी कुठं तेच राहिलंय; तारा गेल्या, गाद्यांची ती खोली गेली, आवाज गेला, आणि एक दिवस तिला ओळखणारे डोळेही जातील, माझे धरून. मी भावाला सांगितलं, कागद तिथंच राहील. होऊ दे पांढरा. तिला त्याची भीती वाटली नाही, मला कशाला वाटावी?